हापशापासून शेवग्यापर्यंत : चौथीच्या पाणगाडीच्या नोंदी

कळंब तालुक्यातली दोन शिक्षकी शाळा. माझ्याकडे तिसरी आणि चौथी मिळून 19 मुलं. कार्यानुभवाच्या तासाला आम्ही दरवर्षी राख्या, आकाशकंदील आणि कागदी फुलं करत आलो. यंदा ठरवलं की मुलांनी एखादी वस्तू आधी मनात रचायची, मग कागदावर काढायची, बनवायची, वापरून बघायची आणि बिघडली तर बदलायची. सहा तासिकांत उरकेल असा माझा अंदाज होता. लागल्या 21. दुसऱ्या कोणा शिक्षकाला हेच करायचं असेल तर माझा गेलेला वेळ त्याचा वाचावा म्हणून या नोंदी ठेवल्या.

1 फेब्रुवारी 2025, शनिवार

सुरुवातच चुकली. रात्री जागून मी पुठ्ठ्याचे 19 संच कापून ठेवले होते. प्रत्येकात एक चौकोन, चार गोल आणि दोन काड्या. पुठ्ठा, रंगीत कागद आणि काड्या मिळून 340 रुपये गेले. फळ्यावर गाडीचं चित्र काढलं आणि तसं करा म्हणून सांगितलं. दीड तासात एकसारख्या 19 गाड्या तयार झाल्या. अकरा गाड्यांची चाकं फिरतच नव्हती, कारण मुलांनी चाकं थेट पुठ्ठ्याला चिकटवली होती आणि त्यात काही बिघडलंय असं कोणालाच वाटलं नाही. गाडी कुठं जायची नव्हती, काही न्यायची नव्हती, मग चाक फिरलं काय आणि न फिरलं काय!

मुलं सारखी एकच विचारत होती, "मॅडम, बरोबर आहे का?" गाडी बरोबर आहे की नाही हे गाडीकडे बघून कळायला हवं. माझ्या तोंडाकडे बघायची वेळ आली, म्हणजे कामच चुकीचं दिलं होतं. संच बंद.

4 फेब्रुवारी

खरं काम दारातच होतं. आमची परसबाग हापशापासून लांब आहे. शेवगा, पालक, मेथी आणि दोन लिंबोण्या. मुलं डब्याडब्यानं पाणी नेतात. आज टेपनं अंतर मोजलं, शेवग्यापर्यंत 38 मीटर. दोन मुलींनी पाच लिटरचा डबा काठोकाठ भरून नेला. पोचल्यावर स्वयंपाकाच्या मावशींकडच्या लिटरच्या मापानं मोजलं, तर 4 लिटर 300 मिली भरलं. म्हणजे 700 मिली वाटेत सांडलं. मुलींची चप्पल आणि फ्रॉक ओला झाला होता. रोज दहा खेपा धरल्या तर सात लिटर. हा हिशेब मुलांनी स्वतः केला आणि वर्ग एकदम गप्प झाला. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा यातली काही पाळण्यात होती. घरात ती गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली आहे. पाणी सांडणं म्हणजे काय, हे या मुलांना वेगळं सांगावं लागत नाही.

काम असं ठरलं. दोरीनं ओढायची गाडी करायची. तिच्यावर उघड्या भांड्यात एक लिटर पाणी ठेवून हापशापासून शेवग्यापर्यंत न्यायचं. निदान 900 मिली पोचलं पाहिजे. विकतची चाकं चालणार नाहीत. पाच गट केले, चार गटांत चार-चार आणि एकात तीन मुलं.

6 फेब्रुवारी

आराखडे काढायला सांगितले. सगळ्यांनी ट्रॅक्टर काढला. कोणी झेंडा लावला, कोणी पुढं देवाचं नाव लिहिलं, एकानं स्पीकरसुद्धा काढला. चाकं दोनच, आणि ती गाडीला कशी जोडलीत ते एकाही कागदावर नाही. मी दोनदा सांगून बघितलं, "चाक कशावर फिरतंय ते दाखवा." मुलांनी चाकाच्या मध्ये एक ठिपका दिला. ज्यांनी कधी वाकून गाडीखाली बघितलंच नाही, त्यांच्याकडून मी ते चित्र मागत होते.

7 फेब्रुवारी

शाळेजवळ एका आबांच्या वाड्यात जुनी लाकडी बैलगाडी उभी आहे. आता शेतात रबरी टायरची गाडी चालते, ही नुसती पडून आहे. परवानगी घेऊन सगळ्यांना तिथं नेलं आणि वह्या घेऊन गाडीच्या खाली झोपायला लावलं. या सगळ्या कामात माझा सर्वांत चांगला गेलेला तास हाच. आबांनी तुंबा (चाकाच्या मधला लाकडी गड्डा) दाखवला, आरे (तुंब्यापासून काठाकडे जाणाऱ्या दांड्या) मोजून घेतले, लोखंडी धाव (चाकावर बाहेरून चढवलेली पट्टी) दाखवली. आख (दोन चाकांमधली आडवी दांडी) कसा जागच्या जागी राहतो आणि चाक त्याच्यावर कसं फिरतं, ते चाकाला हात लावून दाखवलं. चाक बाहेर निसटू नये म्हणून टोकाला घातलेली खीळ काढून मुलांच्या हातात दिली. वंगण कशाला लागतं, ते सांगायच्या आधीच ऐकू आलं. चाक फिरवलं तसं ते करकरलं.

एका मुलीनं विचारलं, "आबा, दोनच चाकं असून गाडी पडत कामून नाही?" आबा म्हणाले, "पुढचं वजन बैलाच्या मानंवर असतंय बाळा." ती लगेच आमच्याकडे वळली आणि म्हणाली, "मग आपली दोरीनं वढायची हाय की. तिला चार लागतेल." फळ्यावर मला हे समजावून सांगायला अर्धा तास लागला असता.

आज पुन्हा आराखडे काढले. एक बाजूनं आणि एक खालून, असे दोन. खालून काढायची अट मी यापुढे कधी सोडणार नाही.

8 फेब्रुवारी, शनिवार

सामान गोळा केलं. ज्वारीची काढणी सुरू आहे, त्यामुळे मालदांडी ज्वारीची धांडं (ताटं) हवी तेवढी मिळाली. शिवाय तुराट्या, जुन्या स्लिपरा, बरण्यांची झाकणं, संपलेले पेन, सुतळी आणि बाभळीचे काटे. काट्यांची कल्पना मुलांचीच. धांडाचा भेंड (सालीच्या आतला मऊ, हलका गाभा) जोडायला खिळा चालत नाही, चिरतो. काटा बसतो.

सुरी आणि ब्लेड मी बंदच ठेवणार होते. मग बघितलं, तर ही मुलं लहानपणापासून धांडं सोलत आलेली. साल कशी ओढायची ते त्यांना माझ्यापेक्षा नीट कळतं. तरी दोघांची बोटं कापली. ज्वारीची साल वाळली की पात्यासारखी धारदार होते, हे माहीत असूनही मी तयारी ठेवली नव्हती. तेव्हापासूनचे नियम: बोटांना जुनं फडकं गुंडाळायचं, साल अंगापासून दूर ओढायची, कापायच्या जागी एका वेळी दोघंच आणि तिथं मोठं माणूस हजर. पट्ट्या आणि औषध मिळून 30 रुपये.

एकानं गाडीला नळी हवी म्हणून दवाखान्यात वापरून झालेली सलाइनची नळी आणली होती. ती लगेच बाजूला काढली, सगळ्यांना साबणानं हात धुवायला लावले आणि त्याच्या घरीही सांगून आले. तुम्ही सामान आणायला सांगाल तेव्हा दवाखान्यातलं काहीही आणायचं नाही, हे आधीच बजावा. मी ते सांगितलं नव्हतं.

12 फेब्रुवारी

जुळणी सुरू. एक गोष्ट उशिरा ध्यानात आली. चार गटांत मुलं जोडतायत आणि मुली कागद कापून सजवतायत. कोणी तसं सांगितलेलं नव्हतं, ते आपोआप झालं. आबांकडे खरा प्रश्न विचारणारी मुलगी आज झालर चिकटवत होती, ते बघून मला वाईट वाटलं. उद्यापासून चिठ्ठ्या: आज मोजणारा कोण, कापणारा कोण, जोडणारा कोण, लिहिणारा कोण. दर तासाला चिठ्ठी बदलायची. सजावट सगळं झाल्यावर.

15 फेब्रुवारी, शनिवार : पहिली चाचणी

पाचही गाड्या मोडल्या.

भेंडाच्या गाड्या दिसायला फार सुंदर होत्या, हलक्या आणि नाजूक. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, वर भांड्याचं वेगळं. पहिली गाडी मधोमध वाकली. दुसरीची चाकं दोन हातांवर निसटली. तिसरीचं भांडं उंच होतं, खड्याला अडखळून ती उलटली. चौथीची चाकं फिरेनात, ती नुसती घसरत गेली. पाचवीच्या जोडावर पांढरा डिंक होता, तो सांडलेल्या पाण्यानं सुटला.

एक मुलगा रडायला लागला. मला राहवलं नाही. मी खाली बसले, त्याच्या गाडीचे काटे काढले, खाली दोन तुराट्या आडव्या बांधल्या, चाकं सरळ केली. दहा मिनिटांत गाडी उभी राहिली. तो बघत होता. शेवटी म्हणाला, "मॅडम, ही तुमची झाली."

त्यानं पुन्हा त्या गाडीला हात लावला नाही. त्या गटानं सोमवारी नव्यानं सुरुवात केली. त्या दिवसापासून मुलांच्या गाडीला मी हात लावत नाही. विचारलं तर प्रश्न विचारते: कुठं वाकली? वजन कुठं आलं? आबांच्या गाडीला तिथं काय होतं?

दोन दिवस प्रशिक्षणात गेले, 19 ला शिवजयंती. या आठवड्यात काम जवळजवळ झालंच नाही.

20 फेब्रुवारी

आज फक्त चाकं. गाड्या डुलतात, कारण भोक मध्यावर नाही. "मधोमध पाडा" असं सांगून उपयोग नव्हता. डोळ्यांच्या अंदाजानं केलेलं भोक दोन-तीन मिलिमीटर हुकतं आणि तेवढ्यानंच चाक वरखाली होतं. कागदाचा गोल कापून दोनदा दुमडला, घड्या जिथं छेदतात तिथं केंद्र. तो कागद चाकावर ठेवायचा आणि काट्यानं टोचायचं. चौथीच्या गणितात त्रिज्या आणि व्यास येतातच. दोन आठवड्यांपूर्वी मी ते शिकवलं होतं, पण आज ते त्यांना लागलं.

स्लिपरची चाकं कापणं मुलांच्या कात्रीला झेपत नाही. तापलेल्या सुरीनं कापलं तर घाण धूर होतो, ते करूच नका. कटर घेऊन मी घरी 24 चाकं कापली. तीन तास लागले, अंगठ्याला फोड आला. हे काम मोठ्या माणसानंच करावं आणि शनिवारची वाट न बघता आधीच करून ठेवावं. कटर आणि पाती 40 रुपये. भोक मात्र मुलंच बाभळीच्या काट्यानं पाडतात, रबर मऊ असल्यानं सहज पडतं.

22 फेब्रुवारी, शनिवार

अडलेला मुद्दा आख. तीन गटांनी चाक आखाला घट्ट बसवलं आणि आखही गाडीला घट्ट बांधला. मग फिरणार काय? फळ्यावर दोनच वाटा लिहिल्या. एक, आबांच्या गाडीसारखं, आख स्थिर आणि चाक फिरतं. दोन, चाक आखाला घट्ट आणि आख नळीत फिरतो. दोन्हींतली एकच निवडायची. चार गटांनी दुसरी निवडली, कारण रिकाम्या पेनाची नळी हाताशी होती. नळी गाडीखाली बांधली आणि तिच्यातून सायकलची तार घातली. पंक्चरवाल्यानं गंजलेल्या तारा फुकट दिल्या. त्या वाकड्या निघाल्या, वाकड्या तारेनं चाक झोले खातं. शेवटी 60 रुपयांच्या नव्या आणल्या. तारांची टोकं मी पक्कडीनं वळवली, नाहीतर ती डोळ्यात जायची भीती.

पहिल्या वाटेनं जाणाऱ्या गटाचं चाक सारखं निसटत होतं. काय करावं सुचेना तेव्हा एक मुलगी म्हणाली, "कैकयीनं बोट घातलं होतं की रथात." सप्ताहातल्या कीर्तनात ऐकलेलं. लगेच दुसऱ्याला आबांची खीळ आठवली. स्लिपरच्या तुकड्याची गोल टिकली तारेच्या टोकाला रोवली आणि चाक थांबलं. वर्गात आता त्या टिकलीला सगळे "कैकयी" म्हणतात. "मॅडम, माझी कैकयी पडली" असं ऐकू येतं.

27 फेब्रुवारी

काल महाशिवरात्र, आज निम्मा वर्ग. चाक फिरताना करकरायला लागलं तेव्हा मुलांनी खोबरेल तेल लावलं. तेलावर धूळ बसली आणि दुसऱ्या दिवशी चाक अधिकच अडलं. पेनाची नळी पुसून कोरडीच ठेवली, ती बरी. मोठ्या गाडीला वंगण लागतं, प्लास्टिकच्या नळीत तारेला लागत नाही. हे करून बघितल्यावर कळलं.

1 मार्च, शनिवार : दुसरी चाचणी

सांगाडा आता तुराट्यांचा, सुतळीनं बांधलेला. डिंक पूर्ण बंद. पाचव्या गटाची गाडी अपुरी होती. बाकी चारांतली एक उलटली. तीन पोचल्या, पाणी 640, 710 आणि 580 मिली.

गाडी चांगली चालूनही पाणी सांडत होतं, त्यामुळे मुलं चक्रावली. मी सगळ्यांना एकाच गाडीमागं चालायला लावलं आणि सांगितलं, पाणी नेमकं कुठं सांडतं तिथं खडूनं खूण करा. खुणा दोन जागी दाटल्या. एक हापशाजवळ, जिथं दोरीला पहिला हिसका बसतो, आणि दुसरी चाफ्याजवळच्या खड्यांवर. मधल्या सपाट वाटेवर जवळजवळ खूण नाही. म्हणजे दोष चाकात नव्हता. पाणी भांड्यात मागंपुढं हेलकावत होतं. सोमवारी येताना घरी विचारून या म्हटलं, टिपाडातलं पाणी गाडीवरून आणताना काय करायचे.

4 मार्च

उत्तर आजीकडून आलं. "माझी आजी म्हणली, पाण्यात लिंबाचा डहाळा टाकायचा. मग सांडत नसतंय." (लिंब म्हणजे कडुलिंब.) वर्गातल्या आणखी तिघांच्या घरी हेच सांगितलं. घागरीत पाला टाकून आणायची रीत आमच्याकडे जुनी आहे. मीही लहानपणी बघितली आहे, पण मला आठवली नाही. लगेच करून बघितलं. डहाळ्यानं हेलकावे बसले, पण पानं काठाबाहेर आल्यावर त्यांच्यावरून पाणी ओघळायला लागलं. मग एका गटानं भेंडाची गोल चकती भांड्याच्या तोंडापेक्षा जराशी लहान कापून पाण्यावर तरंगत ठेवली. मोडलेल्या पहिल्या गाडीचा भेंड इथं कामी आला.

तिसऱ्या गटानं वेगळीच युक्ती काढली. एक लिटर पाणी दोन लिटरच्या पसरट डब्यात ओतलं. दुसरे ओरडले, "ही फसवेगिरी!" मला ठरवावं लागलं. मी म्हटलं, कामात भांड्याचा आकार सांगितला होता का? नव्हता. डबा वजनाला जास्त आहे, तो सांगाडा पेलत असेल तर चालेल. हीच तर रचना. काही मुलं तरीही रुसली. पुढच्या वेळी भांड्याची अट आधी घालायची की नाही, हे मुलांना विचारूनच ठरवायचं.

8 मार्च, शनिवार

हिसक्यावर उपाय. दोरी आणि गाडी यांच्यामध्ये जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधली. ओढताना आधी पट्टी ताणते, मग गाडी हलते. पट्टी फार लांब ठेवली तर गाडी थांबते आणि एकदम उडी मारते. वीतभर पुरे. हे ठरवण्यात अख्खा शनिवार गेला आणि तो मला वाया गेल्यासारखा अजिबात वाटला नाही. पाच लांब्या, प्रत्येकीच्या तीन फेऱ्या, तक्ता मुलांनीच आखला.

15 मार्च, शनिवार : तिसरी चाचणी

काल धुळवड झाली, हातांचे रंग अजून गेलेले नाहीत. पालक आले होते, आबाही आले. पाणी मोजायचं काम मावशींकडे दिलं, कारण मुलांनी "मॅडम आमच्या गटाला जास्त धरतील" अशी शंका काढली होती. ती रास्तच होती.

930, 910, 960, 870, 940. चौथ्या गटाचं 30 मिली कमी पडलं. त्यांनीच कारण सांगितलं. मागचा आख तिरपा बांधला होता, गाडी सारखी डावीकडे जायची आणि तिला वळवताना हिसका बसायचा. मला तो गट सर्वांत पुढं गेलेला वाटला. कारण सांगता आलं म्हणजे दुरुस्ती हातात आली. सोमवारी त्यांनी आख सोडून पुन्हा बांधला आणि 920 आणलं.

22 मार्च, शनिवार

गाड्या कपाटात ठेवल्या होत्या. भेंडाच्या चकत्यांतून बारीक पीठ पडायला लागलंय, भुंगा लागला. धांडाच्या वस्तू टिकत नाहीत, तेव्हा फोटो आणि खालून काढलेला आराखडा त्याच दिवशी घ्या.

हिशेब: पुठ्ठा 340 (वाया), नव्या तारा 60, डिंक 85 (वाया), कटर आणि पाती 40, सुतळी 20, पट्ट्या आणि औषध 30. एकूण 575. त्यातले 425 माझ्या चुकांचे. पुन्हा करायचं तर पाच गटांना दीडशे रुपये पुरतील. वेळ मात्र वाचवू नका. 21 तासिकांतल्या निम्म्याहून जास्त मोडलेलं दुरुस्त करण्यात गेल्या. त्या कापल्या असत्या तर 15 फेब्रुवारीच्या पाच मोडक्या गाड्यांवरच काम थांबलं असतं.

25 मार्च

हापसा मध्येच हवा ओढायला लागला आहे. सकाळी दहा-बारा खेपा पाणी येतं, मग नुसतं खडखडतं. परसबागेला आता चौकातल्या नळावरून पाणी आणावं लागणार. मुलांनी टेप घेऊन अंतर मोजलं, 112 मीटर. मधल्या सुट्टीत तिघं माझ्याकडे कागद घेऊन आली. पंधरा लिटरची कॅन न्यायची गाडी, बाजूनं आणि खालून काढलेली. खाली सायकलची दोन चाकं, आख आणि दोन्ही टोकांना कैकयी. एका कोपऱ्यात लिहिलंय, "दोनच चाकं हाईत म्हणून दांडी माणसानं धरायची."

जुन्या सायकलच्या चाकांची जोडी पंक्चरवाल्यानं 150 रुपयांना सांगितली आहे. तो 100 वर येतोय का, ते मुलं उद्या विचारून येणार आहेत.